पावसाळ्यात पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर काय करावं? (प्रयोग, नोंदी, व्हिडिओ)

मापटं · ६ जून

जून लागला की शाळांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर "पावसाळी अ‍ॅक्टिव्हिटी" फिरायला लागतात. कापसाचे ढग, क्रेप कागदाचा मोर, आइसक्रीमच्या काड्यांची छत्री. वेळ छान जातो, वाईट काहीच नाही. पण हे सगळं एप्रिलमध्येही तितकंच करता येतं. हा धागा अशा गोष्टींसाठी, ज्या पाऊस असल्याशिवाय होणारच नाहीत आणि ज्यात मुलाला रोज पाच-दहा मिनिटांचं खरं काम असतं. लिहिताना माप द्या, किती दिवस लागतात ते द्या आणि कुठे बिघडतं ते नक्की द्या. नुसतं "मुलांना खूप मजा येते" नको.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करतो, कारण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगितलेला असतो.

नेहमीची कृती अशी: कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली खांद्यापाशी कापा, वरचा तुकडा नरसाळ्यासारखा उलटा बसवा, बाजूला पट्टी चिकटवा. यात दोन भानगडी आहेत. या बाटल्यांचा तळ पाच पाकळ्यांचा असतो, त्यामुळे खालचे चार-पाच सेंटिमीटर मापाला निरुपयोगी. आणि मधे कंबर असलेली बाटली असेल तर पट्टीवरचा एक मिमी म्हणजे पावसाचा एक मिमी हे गणितच मोडतं. तळात खडे टाकून शून्याच्या रेषेपर्यंत पाणी भरून घेतलं तर पहिली अडचण सुटते, पण ते पाणी वाफ होऊन कमी होतं आणि रोज शून्य सरकतं.

त्यापेक्षा उंची मोजूच नका, पाणी मोजा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास ११.३ सेंमी असेल तर क्षेत्रफळ बरोबर १०० चौरस सेंमी भरतं. मग १० मिली पाणी = १ मिमी पाऊस. हवामान खात्याच्या फायबरच्या पर्जन्यमापकांतही १०० आणि २०० चौरस सेंमी तोंडाचे प्रकार असतात, म्हणजे आपण काही वेगळं करत नाही. दुकानात नरसाळं घेताना व्यास मोजायला कटकट होते, म्हणून कडेला दोरा गुंडाळून परीघ मोजा: ३५.५ सेंमी हवा. तेवढं मोठं नाही मिळालं तर ८ सेंमी व्यासाचं घ्या (परीघ साधारण २५ सेंमी), त्याचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंमी, म्हणजे ५ मिली = १ मिमी. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं ५-१० मिलीच्या खुणांचं टोपण हेच आपलं मोजपात्र. जास्त पाण्यासाठी १०० मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग.

या पद्धतीत खालचं भांडं कसंही चालतं, तेलाचा पाच लिटरचा कॅनसुद्धा. नरसाळं त्याच्या तोंडात घट्ट बसवा आणि फटीला चिकटपट्टी लावा, नाहीतर नरसाळ्याच्या बाहेरून ओघळणारं पाणीही आत जातं आणि आकडा फुगतो. कॅन विटांमध्ये बसवा. नरसाळ्याची कड जमिनीपासून निदान ३० सेंमी वर हवी, फरशीवरचे शिंतोडे उडून आत येतात म्हणून. आणि कड अगदी आडवी, तिरकी नाही.

रोज सकाळी साडेआठला मोजा. ही वेळ हवामान खात्याची आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेपरात आलेल्या तुमच्या गावाच्या आकड्याशी मुलाचा आकडा ताडता येतो. फरक पडेलच, आणि तो का पडला हेच पुढचं काम. मोजून झालं की पाणी ओतून कॅन रिकामा. साठवून ठेवलं तर आठ-दहा दिवसांत डास तयार.

टिपूस · ६ जून

वाचनखूण साठवली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी काय करायचं? गॅलरीच्या ग्रिलला बाटली बांधली तर?

मापटं · ६ जून

ग्रिलला नको. गॅलरीवर वरच्या मजल्याचं छप्पर असतं, पाऊस वाऱ्याबरोबर तिरका आला तरच पाणी मिळतं. म्हणजे तो वारामापक होतो, पर्जन्यमापक नाही. सोसायटीची गच्ची मागा. अडथळ्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडायचं: कठडा एक मीटरचा असेल तर त्यापासून दोन मीटर, टाकी तीन मीटर उंच असेल तर तिच्यापासून सहा मीटर. गच्चीवर वारा जास्त असतो, त्यामुळे आकडा थोडा कमीच येईल. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुढे जा. चार महिने एकाच जागी मोजणं जास्त महत्त्वाचं, जागा बदलत राहिलात तर कुठलेच दोन दिवस ताडता येणार नाहीत.

गच्चीवाला · ७ जून

कोकणवाल्यांनी कॅनच घ्यावा, बाटली नको. ११.३ सेंमीच्या नरसाळ्याखाली दोन लिटरची बाटली २०० मिमीला भरते आणि कोकणात, घाटमाथ्यावर तेवढा पाऊस एका दिवसात पडतो. सांताक्रूझला २६ जुलै २००५ च्या त्या २४ तासांत ९४४ मिमी पडला होता. आपल्या मापात बसवलं तर ९ लिटर ४४० मिली. तिसरी-चौथीतल्या मुलाला हे गणित घालून बघा आणि मग बादलीत तेवढं पाणी खरंच भरून दाखवा. "नऊशे चव्वेचाळीस" हा आकडा तोवर हवेत असतो, बादली बघितली की बसतो.

आणखी एक: १ मिमी पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर. गच्ची ५० चौरस मीटरची आणि पाऊस २० मिमी, तर हजार लिटर. छपरावरची टाकी दाखवून विचारा, किती दिवसांत भरेल?

शाळेतली_बाई · ७ जून

वर्गात करायचं असेल तर पाच-पाच मुलांचे गट पाडून आठवड्याला एक गट नेमा. एक नरसाळं धरतो, एक टोपणाने मोजतो, एक मोठ्याने मोजणी म्हणतो, एक फळ्यावर लिहितो, एक तक्त्यावर रंगवतो. चौकटीचा कागद, एक चौकोन = ५ मिमी. पहिली-दुसरीला मिमी शब्दच नको, "किती टोपणं" एवढंच पुरे. टोपणाचे उभे रकाने रंगवले की आलेख आपोआप तयार होतो आणि "आलेख" हा शब्द दिवाळीनंतर सांगितला तरी चालतो.

तिसरी-चौथीसाठी हवामान खात्याचे गट लावा: २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार. २.५ च्या खाली असेल तर तो "पावसाचा दिवस" धरतच नाहीत. यावरून वर्गात कायम वाद होतो, कारण भिजलेला रुमाल हातात असतो आणि तक्ता म्हणतो आज पाऊस नाही! वाद होऊ द्या. मोजायचं तर कुठेतरी रेघ मारावी लागते, हे त्यातूनच कळतं.

सुट्टीच्या दिवसाचं काय, हा प्रश्न येणारच. शनिवार-रविवारचं पाणी सोमवारी एकत्र मोजायचं आणि तक्त्यावर तीन दिवसांवर मिळून एकच कंस काढायचा. तिनाने भागून तीन सारखे रकाने रंगवू नका. तो खोटा आलेख होतो.

पंचांगपान · ८ जून

बाई, त्या तक्त्याच्या खाली नक्षत्रांची पट्टी जोडा, आजी-आजोबा आपणहून सामील होतात. मृग साधारण ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्ट, पूर्वा ३१ ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर. वर्षागणिक एखाद दिवस पुढेमागे होतं, नक्की तारीख घरच्या पंचांगात बघा. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं का? सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जातो, ३६५ भागिले २७ म्हणजे साडेतेरा. चौथीच्या मुलाला हा भागाकार येतो.

पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस. आता मुलांकडे आकडे आहेत, तर बेरीज करून बघू दे: तुमच्या गच्चीवर यंदा तरणा जास्त पडला की म्हातारा? पंचांगात प्रत्येक नक्षत्राचं वाहनही दिलेलं असतं (बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा, उंदीर वगैरे) आणि त्यावरून पाऊस कसा पडेल ते सांगितलेलं असतं. वाहनाचं चित्र आधी काढून ठेवायचं, नक्षत्र संपलं की बेरीज शेजारी लिहायची. भाकीत आणि मोजणी एका पानावर आली की मोठ्यांनी काही बोलायची गरज उरत नाही.

मुंबईला मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. म्हणजे मृग लागल्यावर तीन दिवसांनी सुरुवात आणि हस्त संपता संपता शेवट. हादग्याचा पाटावरचा हत्ती येतो तो याच हस्ताचा.

पडदा_कमी · १० जून

धाग्याच्या नावात व्हिडिओ आहे म्हणून विचारते. आधी व्हिडिओ दाखवून मग प्रयोग, की उलट?

शाळेतली_बाई · १० जून

उलट. बी रुजतानाचा व्हिडिओ आधी बघितला की मूल तिसऱ्या दिवशी बरणीकडे बघतच नाही, कारण शेवट माहीत असतो. वर खरी मुळं व्हिडिओतल्यासारखी सरळ आली नाहीत की "माझं चुकलं" म्हणतं. आधी करा, नोंदवा, काहीतरी अडू द्या, आणि अडलेल्या ठिकाणी दोन-तीन मिनिटांचा तुकडा दाखवा. त्या कामाला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेचे टाकाऊतून खेळणी-प्रयोगांचे छोटे व्हिडिओ चांगले, त्यातले बरेच मराठीत आहेत. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर उघडला की पाठाशी जोडलेलं साहित्य मिळतं, पण ते आधी स्वतः बघून घ्या, सगळं सारख्या दर्जाचं नाही. व्हिडिओ उतरवून ठेवून दाखवा. थेट लावला तर पुढचा आपोआप सुरू होतो आणि मुंगीवरून गाडी कार्टूनवर जाते.

"पाच मिनिटांत विज्ञानाची जादू" छापाचे तुकडे तर टाळाच. बरेच मधे कापलेले असतात, घरी केले की होत नाहीत.

तिपाई · ११ जून

त्याहून बरं म्हणजे व्हिडिओ मुलांनीच काढावा. मुगाचं रुजणं हा त्यासाठी सगळ्यात सोपा विषय. सविस्तर लिहितो, कारण यात बिघडण्याच्या जागा फार.

मांडणी: सरळ भिंतीची काचेची बरणी. आतून काळा सुती कपडा गोल गुंडाळून काचेला चिकटेल असा बसवायचा, मधली पोकळी कागदाच्या बोळ्यांनी भरायची म्हणजे कपडा दाबलेला राहतो. काळाच का? मूळ पांढरं असतं, पांढऱ्या कापसावर ते दिसतच नाही. कपडा आधी दोन-तीनदा धुऊन रंग जाऊ द्या. तळाला १ सेंमी पाणी, कपडा ते वर ओढून घेतो. रात्रभर (आठ-दहा तास) भिजवलेले चार मूग काच आणि कपडा यांच्यात, पाण्यापासून तीन-चार सेंमी वर. शेजारी काचेवर सेंटिमीटरची पट्टी उभी चिकटवा, तीही चित्रात यायला हवी.

फोन: घरातला जुना, चार्जरला लावलेला, विमान मोडवर, कव्हर काढून (तापतो). फोनमधला तयार टाइमलॅप्स वापरू नका, तो सलग चालू राहून गरम होतो आणि मधेच बंद पडतो. ठरावीक वेळाने एक फोटो काढणारं साधं अ‍ॅप घ्या. दर १० मिनिटांनी एक फोटो, तीन दिवस, म्हणजे ७२ गुणिले ६ = ४३२ फोटो. सेकंदाला १२ फोटो या वेगाने जोडले की ३६ सेकंदांचा व्हिडिओ होतो. १२ हा आकडा मुद्दाम: बारा फोटो म्हणजे १२० मिनिटं, म्हणजे व्हिडिओतला एक सेकंद = खरे दोन तास. हे मुलांना पाठ होतं आणि मग ती स्वतः सांगतात, "सहाव्या सेकंदाला अर्धा दिवस झाला". दर सहा सेकंदांनी व्हिडिओ थांबवायचा, पट्टीवर मुळाची लांबी वाचायची, वहीत लिहायची. लांबी नेमकी कुठल्या सहा सेकंदांत सगळ्यात जास्त वाढली, ते मुलं शोधतात.

आता चुका:

उजेड. दिवसा खिडकी, रात्री ट्यूब असं झालं की व्हिडिओ लुकलुकतो. बरणी आणि फोन दोन्ही मोठ्या खोक्यात घाला, वरून एक एलईडी दिवा तीन दिवस सतत चालू. वीज जाणाऱ्या भागात दिवा पॉवर बँकवर.

फोकस आणि उजेड दोन्ही कुलूप करून ठेवा (पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये होतं). नाहीतर कॅमेरा दर फोटोला नव्याने ठरवतो आणि चित्र श्वास घेतल्यासारखं हलतं.

काचेवर दिव्याची झाक येत असेल तर दिवा बाजूला घ्या, फोन हलवू नका.

बरणीला हात लावायचा नाही. पाणी घालायचं तर इंजेक्शनच्या सुई नसलेल्या सिरिंजने, वरून, हळू.

फोटोचा आकार १९२० गुणिले १०८० पुरतो. पूर्ण आकारात ४३२ फोटोंनी जुना फोन तिसऱ्या रात्री भरतो, आणि नेमकी पानं उघडायची वेळ तीच.

टिपूस · १२ जून

मूग काळे पडून वास येत असेल तर?

तिपाई · १२ जून

पाणी जास्त. मूग पाण्यात बुडाले की त्यांना हवा मिळत नाही, मग कुजतात. पाण्याची पातळी मुगाच्या खालीच राहिली पाहिजे, कपडा ओला असला की झालं. दुसरं कारण फुटके मूग. भिजवल्यावर तरंगणारे आणि साल फाटलेले काढून टाका. पावसाळ्यात बुरशी येतेच. बरणीचं तोंड झाकणाने बंद न करता पातळ फडक्याने बांधा.

तीन दिवसांत मुगाचा व्हिडिओ संपला की तीच बरणी आडवी करा, कपड्यासकट. मूळ दीड-दोन सेंटिमीटरचं असताना केलं तर टोक पुन्हा जमिनीकडे वळताना एका दिवसात दिसतं. हाच मुलांचा सगळ्यात आवडता व्हिडिओ ठरतो.

मापटं · १३ जून

मुगाशेजारी हरभरा लावून बघा. मुगाच्या डाळिंब्या दांड्याबरोबर वर येतात, हरभऱ्याच्या जिथल्या तिथे राहतात आणि फक्त कोंब वर येतो. चवळी मुगासारखी, वाटाणा हरभऱ्यासारखा. "मका कुणासारखा?" हे विचारून सोडून द्या, उत्तर सांगू नका.

कढीपत्ता · २८ जून

आता कढीपत्त्यावर आणि लिंबावर फुलपाखरांची अंडी दिसायला लागतील. सुरवंट पाळणं हा पावसाळ्यातला सर्वोत्तम महिनाभराचा उपक्रम. पण अर्ध्या ठिकाणी सुरवंट मरतात, आणि कारणं ठरलेली आहेत.

आधी ओळख. फक्त कढीपत्ता किंवा लिंबू या झाडांवरचे, अंगावर केस नसलेले घ्या. केसाळ सुरवंटाला मुलांनी हात लावायचाच नाही, खाज आणि पुरळ येतं. लहान असताना हे पक्ष्याच्या शिटेसारखे दिसतात, काळपट-तपकिरी, मधे पांढरा पट्टा. शेवटची कात टाकली की एकदम हिरवे. बऱ्याच मुलांना वाटतं सुरवंट बदलला. डिवचलं तर डोक्यामागून दोन टोकांचं लालसर-नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा दाखवा, पुन्हा पुन्हा डिवचू नका.

भांडं: दोन-तीन लिटरची रुंद तोंडाची बरणी, वर मलमलचं फडकं आणि रबर. प्लास्टिकचं झाकण भोकं पाडूनही नको. पावसाळ्यात आत दव धरतं, विष्ठेला बुरशी येते आणि सुरवंट मऊ पडून मरतो. तळाला वर्तमानपत्र, रोज बदलायचं. एका बरणीत दोनच सुरवंट.

खाणं: पाला ज्या झाडावर सापडला त्याचाच. बाजारातला कढीपत्ता घालू नका. धुतला तरी त्यावर फवारणीचं औषध असू शकतं आणि एका रात्रीत सगळे मरतात. फांदी ताजी राहावी म्हणून छोट्या बाटलीत पाणी घालून खोवता, तेव्हा बाटलीच्या तोंडाशी कापूस गच्च भरा. सुरवंट फांदीवरून खाली उतरतात आणि पाण्यात बुडतात. शेवटच्या पाच-सहा दिवसांत खाणं इतकं वाढतं की कुंडीतलं छोटं झाड संपतं, तेव्हा सुरवंट आणण्याआधी झाड बघून ठेवा.

सुरवंट एक दिवस अजिबात हलला नाही तर मेला समजून टाकू नका. कात टाकायच्या आधी तो असाच बसतो. तेव्हा ओढून काढला तर पायांची पकड सुटते आणि कात नीट निघत नाही. अशी कात तो चारदा टाकतो. गळालेलं डोक्याचं कवच वर्तमानपत्रावर सापडतं, ते वहीत चिकटपट्टीने लावा. चार कवचं ओळीने लावली की वाढ दिसते, पट्टीची गरज नाही.

कोष करायच्या आधी तो खाणं सोडतो, पातळ विष्ठा टाकतो आणि बरणीभर फिरत सुटतो. तेव्हा आत एक तिरकी सुकी काडी आणि एक हिरवी फांदी ठेवा. हिरव्या फांदीवरचा कोष बहुधा हिरवा होतो, काडीवरचा तपकिरी. हा प्रयोग फुकटात होतो.

अंड्यातून तीन-चार दिवस, सुरवंट साधारण दोन आठवडे, कोष आठ-दहा दिवस. फुलपाखरू बहुतेकदा सकाळी बाहेर येतं. पंख ओले, चुरगळलेले असतात आणि लटकायला खडबडीत काहीतरी लागतं. गुळगुळीत काचेवरून घसरलं तर पंख वाकडे सुकतात आणि ते कधीच उडत नाही. तासा-दोन तासांनी, पाऊस थांबलेला बघून, झाडापाशी सोडा.

टिपूस · २९ जून

कोषाला बारीक भोक पडून त्यातून चिलटासारखे किडे निघाले तर? मुलं रडतात.

कढीपत्ता · २९ जून

त्या परजीवी गांधीलमाश्या. त्यांच्या आईने सुरवंटाच्या किंवा नुकत्याच झालेल्या मऊ कोषाच्या अंगात अंडी घातलेली असतात. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. मोठे सुरवंट आणण्यापेक्षा अंडी आणली तर हे बरंच टळतं. मुलांना खरं तेच सांगा आणि भिंगातून त्या माश्या दाखवा. लिंबाचा सगळा पाला सुरवंटांनी संपवला नाही, याचं एक कारण त्याच आहेत.

जाता जाता: महाराष्ट्राने २०१५ मध्ये 'ब्लू मॉरमॉन', मराठीत नीलवंत, राज्य फुलपाखरू ठरवलं. तेही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. कढीपत्त्यावर मिळेल ते बहुतेक त्याचं भावंड.

सातासमुद्रापार · ३० जून

कॅलिफोर्नियातल्या मराठी शाळांसाठी: इथे उन्हाळा कोरडा, पाऊस नोव्हेंबर ते मार्च. पर्जन्यमापक तेव्हा लावा, मिलिमीटरमध्येच मोजा आणि २५.४ ने भागून इंच काढणं मोठ्या मुलांना द्या. कढीपत्त्याऐवजी बडीशेप. तिच्या झाडावर याच गोत्राचं पिवळं-काळं फुलपाखरू अंडी घालतं. मात्र उशिरा झालेला कोष कधी कधी हिवाळाभर तसाच राहतो. घरात हीटरजवळ ठेवू नका, बाहेर आडोशाला ठेवा.

शाळेतली_बाई · ४ जुलै

झड लागल्यावर घरातल्या घरात करायच्या तीन गोष्टी थोडक्यात.

मिठाचं वजन: काचेच्या दोन बशांत २०-२० ग्रॅम खडे मीठ. एक उघड्यावर, दुसरी हवाबंद डब्यात. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढतं, खाली गेली की पुन्हा सुकतं. एसीच्या खोलीत काहीच होणार नाही. स्टीलची बशी नको, डाग पडतात. मुलांनी पर्जन्यमापकाच्या तक्त्यावर मिठाच्या वजनाची दुसऱ्या रंगाची रेघ ओढली की दोन्ही एकत्र वर-खाली होतात का ते दिसतं. उघडीप मिळाली की मजा येते.

पावाची बुरशी: अर्धी चकती, चार थेंब पाणी, झिपची पिशवी, तोंडाला चिकटपट्टी. रोज पिशवीवरून पारदर्शक चौकटीच्या कागदाने किती चौकोन भरले ते मोजायचं. पिशवी कधीही उघडायची नाही, तशीच कचऱ्यात.

वीज आणि गडगडाट: चमकल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजा, तिनाने भागा, तितके किलोमीटर लांब. हे खिडकी बंद करून, आतून. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर गच्चीवर पर्जन्यमापक बघायलासुद्धा जायचं नाही, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. मोठ्यांनी फोनवर विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप ठेवावं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे. जुलैच्या संततधारेत मात्र गडगडाट फारसा मिळणार नाही. तो जूनच्या सुरुवातीला वळवाच्या वेळी, किंवा परतीच्या पावसात.

पडदा_कमी · ५ जुलै

बेडकांचं काय? डबक्यातून पिल्लं आणून बाटलीत ठेवावीत का?

कढीपत्ता · ५ जुलै

आणू नका. बाटलीत पाणी एका दिवसात खराब होतं आणि पाय फुटेपर्यंत क्वचितच जगतात. डबक्याकाठी उभं राहून आठवड्यातून एकदा फोटो काढा: आधी शेपूट, मग मागचे पाय, मग पुढचे, मग शेपूट आखूड. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. रात्री गॅलरीतून बेडकांचा आवाज फोनवर एक मिनिट ध्वनिमुद्रित करा, रोज त्याच वेळी. पर्जन्यमापकाचा आकडा आणि आवाजाची जोरदारी (नाही, थोडी, खूप) शेजारी-शेजारी लिहा.

गच्चीवाला · १९ जुलै

एक बारीक दुरुस्ती. नरसाळ्यात पान किंवा कावळ्याची काडी अडकून पाणी तुंबतं आणि कडेवरून सांडतं. नरसाळ्याच्या नळीत जाळीचा तुकडा वर फुगीर राहील असा बसवा, सपाट नको. जाळी सपाट असेल तर एकच पान तिला झाकतं.

पंचांगपान · २० जुलै

पुष्य लागला. तरण्याच्या बेरजा टाका इथे, गावाच्या नावासकट.

मापटं · २० जुलै

सोबत नरसाळ्याचा व्यास आणि मोजायची वेळही लिहा. नाहीतर ताडायचं कसं?